दुसरी बादली

१

मंगळवारी सकाळी सव्वासातला ट्रे उलटा केला आणि एकही फोड पडली नाही.

नरोलीच्या त्या कारखान्यात संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, चघळून खायच्या गोळ्या बनत. आत जिलेटिन, साखर, आंबट, रंग, वास आणि नावापुरतं कोलॅजन. डब्यावर लिहिलेलं, 'सांध्यांसाठी, रोज दोन'. मक्याच्या पिठात साचे उमटवायचे, त्यांत गरम पाक सोडायचा आणि दिवसभर निवू द्यायचा. दुसऱ्या सकाळी ट्रे उलटा केला की चाळणीवर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. आज आवाज झाला नाही. आधी पीठ पडलं, आणि त्याच्या मागून, बळेच घराबाहेर काढलेल्या माणसासारखा, नारिंगी चिखल हळूहळू उतरला.

मानसी गायधनीने त्यात बोट घातलं. ते थेट तळाला टेकलं. बोट नाकाशी नेलं. संत्र्याचा वास होता, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा. तिने वहीत लिहिलं : 'घट्टपणा नाही. रंग किंचित मळकट. वास कमी.' मग वही मिटून ती आपल्या काचेच्या प्रयोगशाळेत गेली. नाशिकहून रसायनशास्त्र शिकून आलेली ही चोवीस वर्षांची मुलगी आठ महिने त्या काचेमागे एकटीच काम करत होती. कारखान्याचा गोंगाट आणि वास, दोन्ही त्या दारापाशीच थांबत.

जूनच्या मध्यापासून फसलेला हा तिसरा घाणा होता. तिन्ही सोमवारचे.

पराग आत आला तो उत्तर घेऊनच. पराग पुण्याचा, प्रॉडक्शनचा सुपरवायझर. काल संध्याकाळी गेटवर भिमाबाईच्या पिशवीत रुमालाची पुरचुंडी सापडली होती, आणि पुरचुंडीत पिवळसर, दाणेदार पूड. जिलेटिन. आणि वजनखोली अकरा वर्षं भिमाबाईच्याच हातात. जिलेटिन कमी पडलं म्हणून गोळी जमली नाही. गणित सरळ होतं.

मानसी म्हणाली की घाण्यात दहा किलो जिलेटिन जातं, मूठभराने काय फरक पडतो? पराग हसला. मूठभर काल सापडलं म्हणे, न सापडलेलं किती असेल?

दुपारी प्लांटचे प्रमुख सुरेश सर यांनी तिला बोलावलं. शुक्रवारी कामगार पुरवणारा ठेकेदार येणार होता. भिमाबाईला काढायचं, आणि चौकीत तक्रारही द्यायची. फक्त कागद पूर्ण हवा होता, आणि त्या कागदावर क्वालिटीची, म्हणजे मानसीची, सही लागते.

"तुमचं कन्फर्मेशनही या महिन्यात आहे ना?" सर सहज म्हणाले.

आहे, ती म्हणाली. सही करायला तिच्याकडे तीन दिवस होते.

२

वजनखोली म्हणजे दोन काटे, एक खिडकी आणि एक बाई. भिमाबाई खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरून रोज दोन गाड्या बदलून यायची. रोज दोन बादल्या भरायच्या. पहिलीत जिलेटिन, ती सातला वर, केटलच्या, म्हणजे पाक शिजवायच्या मोठ्या भांड्याच्या, प्लॅटफॉर्मवर न्यायची. दुसरीत आंबट, रंग आणि वास. ती पावणेदहाच्या सुमाराला. मधल्या वेळात तिच्याशी बोलायला काट्याचा आकडा तेवढा असे.

मॅडम आत आल्या की बाकीचे उठून उभे राहत. भिमाबाई उलट्या पिंपावर बसून राहिली. रागावली असेल, मानसीला वाटलं.

पूड कुठून आणली, विचारल्यावर ती म्हणाली, झाडणीतली. खाली सांडतं ते संध्याकाळी झाडून कचऱ्याच्या पिंपात टाकतात, त्यातली दोन मुठी. कशाला, असं विचारल्यावर मात्र ती खिडकीतून बाहेरच्या चिखलाकडे पाहत राहिली.

मग मानसीने दुसऱ्या बादलीबद्दल विचारलं. वजनात काही चूक, काही अदलाबदल? तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. अकरा वर्षांत एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही. आणि आंबट शेवटी जातं, हे तिला कुणी शिकवायला नको.

"डाळीत चिंच आधी घातली तर डाळ शिजते काय, बाय? ज्याचं त्याचं टायम असते."

"मग पूड कशाला नेली, तेवढं सांगा. मी लिहिते."

"तू लिही, मी चोर नाय. बाकी नको लिहू."

मानसी दाराबाहेर पडली. बाकी म्हणजे काय, हे तिला कळलं नव्हतं. आणि न कळलेली गोष्ट वहीत कुठल्या रकान्यात लिहायची, हेही.

३

पुरचुंडी परागच्या ड्रॉवरमध्ये होती. मानसीने तिच्यातली चमचाभर पूड गार पाण्यात टाकली. जिलेटिनचे दाणे पाणी पिऊन फुगले आणि तळाशी बसले. पण वरचं पाणी गोड लागेल इतकी साखर त्यात विरघळली होती. आयोडीनचा थेंब टाकला, तर पाणी निळं झालं, म्हणजे मक्याचं पीठही होतं. दोन केसही निघाले. स्टोअरमधल्या सीलबंद पोत्यात साखर नसते, पीठ नसतं, केस तर नसतातच. भिमाबाई खरं बोलली होती.

पराग म्हणाला, ठीक, ही पूड झाडणीतली. पण घाण्यातलं जिलेटिन तरी कमी झालंच ना? मग दुसरं कुणी असेल. किल्ली ललितकडे असते, आणि रविवारी स्टोअरकडे कुणी फिरकत नाही.

स्टोअरकीपर ललित वापीचा. कानामागे पेन, ओठावर हिंदी-गुजराती-मराठीची मिसळ. मानसीला त्याने मान वर न करता सगळी पोती मोजू दिली. सील मोजू दिले. शिल्लक पोत्यांचं वजन करू दिलं. सगळं बरोबर निघालं, तेव्हा कुठे पेन काढून म्हणाला, "मॅडम, चोर शोधायला आलात की माल? माल तो पूरा छे."

मग एकच जागा उरली, प्रत्यक्ष तो चिखल. जिलेटिन हे प्रथिन, आणि प्रथिनात नायट्रोजन असतो. साखरेत नसतो, आंबटात नसतो. चिखलातला नायट्रोजन मोजला की जिलेटिन आणि कोलॅजन मिळून किती पडलं ते कळणार. आणि कोलॅजन तर मोजून सीलबंद पाकिटातच येई. फसलेल्या तिन्ही घाण्यांचे नमुने मानसीने फ्रिजमध्ये जपून ठेवले होते. चांगल्या घाण्याचा एक नमुना त्यांच्या शेजारी घेतला आणि चौघांची मोजणी सुरू केली. आम्लात उकळायचं, वाफ काढायची, थेंब थेंब मोजायचं. दिवसाचा उरलेला वेळ त्यातच गेला.

चारही आकडे तिने एकाखाली एक लिहिले. मग पेन खाली ठेवलं.

चारही सारखे होते. दशांश चिन्हानंतरही.

जिलेटिन कुणी चोरलंच नव्हतं. दहाच्या दहा किलो त्या चिखलात होतं. होतं, आणि तरी जमलं नव्हतं.

४

जिलेटिन म्हणजे उकळलेलं कोलॅजन. जनावराच्या कातडीत, हाडात, स्नायूंच्या टोकांना कोलॅजन असतं ते तीन पेडांच्या वेणीसारखं. गरम पाण्यात वेणी उसवते. निवताना ते पेड पुन्हा एकमेकांना शोधू लागतात, जमेल तिथे गुंफतात, आणि त्या गुंफणीत पाणी अडकून राहतं. एवढंच जेलीचं रहस्य. पण कुणी पेडांचे बारीक तुकडे केले, तर वजन तेवढंच राहील, नायट्रोजन तेवढाच राहील, आणि वेणी मात्र कधीच होणार नाही.

म्हणजे हा चोरीचा मामला नव्हता, तोडफोडीचा होता. तोडणारे तीनच : जास्त वेळ जास्त उष्णता; उष्णता आणि आंबट मिळून; किंवा कच्ची पपई, अननस असल्या फळांचा रस. फळ कारखान्यात येत नव्हतं. केटलच्या तापमानाची नोंदपट्टी तिन्ही सोमवारी इतर दिवसांसारखीच होती. आणि चिखलाचा आंबटपणा मोजला, तोही नेमका हवा तेवढा.

सोमवारीच का, म्हणून तिने रविवारभर टाकीत साठलेलं पाणी तपासलं. पाणी निर्दोष. जूनपासूनच का, म्हणून पावसाची दमट हवा पाहिली, जिलेटिनचा नवीन लॉट पाहिला. त्याच लॉटचे मंगळवार-बुधवारचे घाणे दगडासारखे जमले होते.

बुधवारी सकाळी तिने प्लॅटफॉर्मवरच्या नवनाथला खाली बोलावलं. नवनाथ शहाद्याकडचा, चाळिशीचा. नरोलीत चार जणांच्या खोलीत राहायचा, पण चौघांच्या शिफ्टा वेगळ्या, त्यामुळे खोलीत असायचा एकटाच. दिवसाचे आठ तास वर केटलजवळ, तेही एकटाच. बोलायची सवय गेलेला माणूस बोलतो तसं तो बोलला : आधी घसा साफ केला, मग शब्द शोधला.

"आपलं काम चोख शे, मॅडम. कार्ड बघा."

तिने कार्डं पाहिली. प्रत्येक घाण्याचं एक कार्ड, त्यावर एकोणीस ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर वेळ लिहायची. दुसरी बादली ओतल्याची वेळ : ९.४१, ९.५२, ९.३८, ९.४७. फसलेल्या तीन सोमवारी : ९.४५, ९.४५, ९.४५. अक्षर सुरेख. असं टापटीप काम करणाऱ्याला काय विचारायचं, म्हणून तिने त्याला परत पाठवलं.

आपण कुठे चुकलो हे तिला दुपारपर्यंत कळणार नव्हतं.

५

मानसी डबा प्रयोगशाळेतच खायची. सुरुवातीला कामामुळे, नंतर सवयीने, आणि आता कँटीनमध्ये कुणाशेजारी बसायचं हे ठरवता येत नव्हतं म्हणून. सामरवरणीतल्या तिच्या इमारतीत निम्मे फ्लॅट अजून विकलेच गेले नव्हते. तिच्या मजल्यावर तीन दारांना कुलपं. काही दिवस तर 'पीएच किती आला' याखेरीज तोंडातून शब्द निघालेला नसायचा.

त्या बुधवारी ती डबा घेऊन कँटीनमध्ये गेली, कारण प्रयोगशाळेत विचारायला आता काही उरलं नव्हतं. ट्रेच्या लाइनवरच्या बायकांनी सरकून जागा केली. त्यांची पुढारी गुड्डी, बिहारहून लहानपणी आलेली आणि आता सगळ्यांना सगळ्या भाषांत टोमणे मारणारी.

"आज काचेतून बाहेर कशा, मॅडम? आत एसी बंद पडला का?"

बायका हसल्या. मानसीही हसली, जरा उशिरा. मग कुणीतरी भिमाबाईचं नाव काढलं. गुड्डीने विषय बदलायला म्हणून सोमवारचं गाऱ्हाणं मांडलं. टोप्या घालून, मास्क लावून दीड घंटा बसावं लागलं म्हणे, घामाने डोक्याची भाजी झाली.

मानसीने विचारलं, टोप्या इतक्या लवकर घातल्याच का?

त्या बायकांकडे घड्याळ नव्हतं, मोबाईल गेटवर जमा. पण वरून संत्र्याचा वास आला की दहा मिनिटांत पाक सुटणार, हे त्यांना ठाऊक होतं. वास आला की टोप्या घालायच्या. वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं.

"आणि सोमवारी वास लवकर आला?"

"साडेआठच्या आत. चाय पण आली नव्हती. मागच्या दोन बेकार घाण्यांना पण असंच. आम्ही बसलो, बसलो, आणि पाक सुटला दहाला."

मानसीच्या हातातला घास हातातच राहिला. संत्र्याचा वास दुसऱ्या बादलीत असतो. त्याच बादलीत आंबट. वास साडेआठच्या आत आला, तर आंबटही त्याच वेळी पडलं. वितळलेल्या जिलेटिनमध्ये, सत्तर अंशांवर, दीड तास. शेवटी मोजलं तर आंबटपणा नेमका तेवढाच भरणार, कारण घटक सगळे बरोबर होते. चुकली होती ती फक्त वेळ. आणि दीड तास उकाड्यात राहिलेला वास उडून जाणारच.

खरी वेळ लिहिणाऱ्याचे आकडे रोज दोनचार मिनिटं इकडेतिकडे होतात. तीनदा नेमकं ९.४५ लिहितो तो घड्याळ बघून लिहीत नाही.

तिने डबा तसाच मिटला आणि जिन्याकडे निघाली.

६

आठ महिन्यांत ती प्लॅटफॉर्मवर दोनदाच गेली होती. लोखंडी जिना, उभा, सोळा पायऱ्या. वर पोचल्यावर समोरच लाल बोर्ड : 'प्लॅटफॉर्मवर कोणताही घटकपदार्थ ठेवू नये. आढळल्यास शिस्तभंग.' खाली मानसीचीच सही. जूनच्या सुरुवातीला एका ग्राहकाची माणसं तपासणीला आली, त्यांनी उघडी बादली पाहून नाक मुरडलं, आणि तिने दुसऱ्याच दिवशी हा बोर्ड लावला होता.

जूनपासून काय काय बदललं याची यादी तिने केली होती. पाऊस लिहिला, लॉट लिहिला. हा बोर्ड लिहिला नव्हता.

नवनाथने तिला पाहिलं आणि ढवळणीचा वेग कमी केला, म्हणजे ऐकू यावं. तिने काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "तीनच वेळा, मॅडम."

तीन सोमवारी दोन्ही बादल्या सातलाच वर आल्या होत्या, आणि आणल्या होत्या त्यानेच, खाली जाऊन; पाक शिजायला लागला की केटल सोडून उतरता येत नसे. दुसरी बादली पावणेदहापर्यंत ठेवायची कुठे? बोर्ड ठेवू देत नव्हता. आंबट शेवटी घाला, असं कार्डावर होतं, पण का ते कुणी सांगितलं नव्हतं. बोर्डावर शिस्तभंग लिहिलेला. दोनपैकी एक नियम मोडायचाच, तर त्याने कमी भीतीचा मोडला. जिलेटिन वितळेपर्यंत तासभर बादली स्वतःच्या पायांमागे लपवली, मग ओतून टाकली. शेवटी सगळं एकाच भांड्यात तर जातं.

"पण तुम्ही का आणल्या? रोज भिमाबाई दोन खेपा करतात."

नवनाथची नजर खाली वजनखोलीच्या दाराकडे गेली, आणि लगेच परत आली. मानसीनेही खाली पाहिलं. भिमाबाई दाराच्या उंबऱ्यावरून अंगणात उतरत होती. एवढासा उंबरा. तिने चौकट धरली, एक पाय खाली ठेवला, थांबली, दुसरा पाय त्याच्याशेजारी आणला. मग पुन्हा श्वास घेतला.

रविवारी कारखान्याला सुट्टी असते, आणि पावसाळ्यात पाड्यावर भाताची आवणी. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावलेली बाई सोमवारी सोळा पायऱ्या दोनदा कशी चढणार?

मानसी खाली गेली. या वेळी तीही पिंप उलटं करून बसली. सोमवारचं कारण सापडलं, म्हणाली. भिमाबाईने कुणाला सांगणार असं विचारलं नाही. नवनाथला काय होईल, हे विचारलं. बादली त्याने वर नेली एवढंच तिला माहीत होतं. ती त्याने आधीच ओतली, हे ती आत्ता ऐकत होती.

"त्याला सांगायचं ना मला, आंबट आधी ओतू काय म्हणून," ती म्हणाली. "मी चढली असती. बसत बसत चढली असती."

मग तिने पुरचुंडीचं सांगितलं. डब्यावर सांध्यांसाठी लिहिलंय, असं गुड्डीने वाचून दाखवलं होतं. डबा विकत घेणं तर परवडण्यातलं नव्हतं. झाडणीतली पूड रोज चमचाभर गरम पाण्यातून घेत होती, दोन महिने. याने गुडघा बरा होतो काय?

मानसीला डब्यावरचं वाक्य पाठ होतं, आणि त्यामागचे अभ्यासही तिने वाचले होते : काहींत थोडा आराम पडलेला, काहींत काहीच नाही, आणि झाडणीच्या पुडीवर तर कुणीच केलेला नाही.

"मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "पण ती पूड घेऊ नका. तिच्यात केस आहेत."

भिमाबाई मान हलवून हसली. मग हसू गेलं.

"सरांना गुडघ्याचं नको सांगू, बाय. चोर म्हटलं तर दाखवून द्यावं लागतं. लंगडी म्हटलं की झालं, घरी बस. घरी कोण हाय? इथे काटा तरी बोलतो."

मानसी म्हणाली की आपणहून सांगणार नाही. पण सरांनी सरळ विचारलं तर खोटं बोलता येणार नाही, हेही तिने सांगून टाकलं. वचनापेक्षा ही अटच मोठी झाली, हे तिचं तिलाच जाणवलं.

७

शुक्रवारी कँटीनच्या टेबलाभोवती सुरेश सर, पराग, ठेकेदार, ललित, गुड्डी, नवनाथ आणि भिमाबाई जमले. मानसीने टेबलावर दोन स्टीलच्या वाट्या ठेवल्या. आदल्या दिवशी तिने प्रयोगशाळेत तोच घाणा दोनदा केला होता, वाटीएवढा. घटक तेच, वजन तेच, उष्णता तीच. एकीत आंबट शेवटी, दुसरीत दीड तास आधी.

तिने पहिली वाटी उपडी केली. नारिंगी गोळा ताटलीत पडला आणि थरथरून उभा राहिला. दुसरी उपडी केली, तर ताटली भरून वाहिली.

मग एकेक मुद्दा सांगत गेली. पुरचुंडी झाडणीतली होती : साखर, पीठ, केस. पोती पूर्ण होती. आणि तिन्ही फसलेल्या घाण्यांत नायट्रोजन चांगल्या घाण्याइतकाच निघाला, म्हणजे चोरी नाहीच. उलट चार वेगवेगळ्या दिवशी वजन दशांशापर्यंत सारखं भरलं, म्हणजे वजन करणाऱ्या हाताइतकं अचूक या कारखान्यात दुसरं काही नाही. टोप्यांचं तिने गुड्डीच्याच तोंडून वदवून घेतलं. आणि शेवटी लाल बोर्ड.

"बादली आधी ओतली गेली, कारण ती ठेवायला मी जागा ठेवली नव्हती," ती म्हणाली. "आणि आंबट शेवटी का, हे मी कार्डावर कधी लिहिलं नाही."

सुरेश सरांनी ताटलीतल्या चिखलाकडे पाहिलं. मग मानसीने नवनाथला विचारला होता तोच प्रश्न विचारला.

"पण दुसरी बादली सातला वर आलीच का?"

"माझा आळस, सर," नवनाथ झटकन म्हणाला. "दोन खेपांचा कंटाळा."

पराग ठेकेदाराला म्हणाला, चला, नाव मिळालं. सरांनी मानसीकडे पाहिलं. "बरोबर आहे हे?"

मानसीने एकदा भिमाबाईकडे पाहिलं, आणि मग टेबलाकडे.

"नाही," ती म्हणाली.

भिमाबाई उठली. टेबलावर दोन्ही हात टेकून, सगळ्यांना दिसेल असं सावकाश उठली.

"आळस नाय त्याचा. माझे गुडघे हाय. सोमवारी चढवत नाय. मी बोलली नाय, त्याने बादली नेली. आता काय लिहायचं ते लिहा."

ठेकेदार पुटपुटला की फिटनेसचा कागद पाहावा लागेल. परागने मान डोलावली. तेवढ्यात गुड्डी, समोर कुणीच नसल्यासारखी, म्हणाली, "बघा ना कागद. पण मग सर, डब्यावरचं ते सांध्यांचं पण काढून टाका."

ललित खोकल्यासारखं हसला. सुरेश सर हसले नाहीत. किती पायऱ्या आहेत, त्यांनी विचारलं. सोळा, असं तिघांनी एकदम सांगितलं. परागने सांगितलं नाही. सर उठले, बाहेर जाऊन जिना पाहून आले. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी ठेकेदाराचा कागद न वाचताच त्याच्याकडे सरकवला. वजन करायला चढावं लागत नाही, म्हणाले. भिमाबाई काट्यावर राहतील, आणि बादल्या नवनाथ नेईल. खोटी वेळ लिहिल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळेल. आणि दुसऱ्या बादलीला झाकण आणा, आजच. झाकण असलेली बादली वर ठेवायला हरकत नाही ना, मॅडम?

हरकत कधीच नव्हती. तिला झाकण सुचलं नव्हतं, एवढंच.

सगळे गेल्यावर सरांनी तिला थांबवलं. अहवाल मुंबईच्या मुख्य कार्यालयात जाईल. मूळ कारण म्हणून स्वतःचा बोर्ड लिहिलात तर कन्फर्मेशन सहा महिने पुढे जाईल. 'ऑपरेटरची चूक' एवढं लिहिलं तरी चालण्यासारखं होतं.

मानसीने 'मूळ कारण' या ओळीपुढे लिहिलं : 'नियम अपुरा. नियम लिहिणारी – मानसी गायधनी.' आणि सही केली.

८

पुढच्या सोमवारचा घाणा मंगळवारी टपटप पडला. काचेमागे तो आवाज पोचला नाही. गुड्डीने हात हलवून दाखवला.

तासाभराने नवनाथ काचेच्या दाराशी येऊन उभा राहिला. कुणी आत ये म्हणेपर्यंत उभाच राहिला असता. त्याच्या हातात कोरं कार्ड होतं. नव्या कार्डावर मानसीने दुसऱ्या बादलीच्या ओळीपुढे कारण लिहिलं होतं : आंबट आधी पडलं तर जिलेटिनचे पेड तुटतात. ते त्याने वाचलं होतं. भिमाबाईलाही वाचून दाखवलं होतं.

"बाकी अठरा ओळींचं पण लिहाल का, मॅडम? वर एकट्याला वाचायला बरं."

तिने त्याला स्टूल दिलं आणि पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं. जिलेटिन गारच पाण्यात का भिजवायचं, हे तिला माहीत होतं. ढवळणी हळू का, हेही. तिसऱ्या ओळीपाशी पेन अडलं. 'झडप उघडण्याआधी तिच्यावर दोनदा ठोका.' ही ओळ जुन्या कार्डावरून तिने तशीच उतरवली होती. पुस्तकात हे कुठेच नव्हतं.

"हे का करतात, मला माहीत नाही," मानसी म्हणाली.

नवनाथने घसा साफ केला, स्टूल टेबलाजवळ ओढलं, आणि सांगायला लागला.